सत्तावीस नंबरचा डबा

मनामात, गुदैबियाच्या गल्लीत, लाँड्रीच्या वर
हमीदाबी परकारांची खाणावळ.
एक्केचाळीस मेंबर.
जिन्यात चपलांचा ढीग, आणि एसीचं पाणी
रंगाच्या जुन्या डब्यात टपटपत.

माझं जेवण फुकट, बदल्यात अ‍ॅप.
असा करार, कुठेच न लिहिलेला.

दोन टेबलं मांडली मी, जेवायची नव्हेत.
एकात माणसं: नाव, कंपनी, मासे चालतात की नाही.
दुसऱ्यात डबे: तारीख, दुपार की रात्र, किती फिल्स,
आणि प्रत्येक डब्याच्या कपाळावर
ज्याचा त्याचा नंबर.
माणूस एक, डबे अनेक.
माणसाच्या ओळीत डबे कोंबायचे नाहीत.
डब्यानं लक्षात ठेवायचं, आपण कुणाचे.

पहिल्याच आठवड्यात फोन जड झाला.
यादी वर सरकवली की दचकायची,
मजल्यामजल्यावर थांबणाऱ्या लिफ्टसारखी.
बघते तर काय,
आधी विचारत होते, कोण कोण आहे?
मग एकेकाच्या दारात जाऊन पुन्हा,
बाबा रे, तुझे डबे किती?
एक्केचाळीस कड्या वाजवायच्या,
पहिली हाक धरून बेचाळीस फेऱ्या,
तेही बोट एकदा सरकलं म्हणून.

हमीदाबींचं असं नसतं.
आधण ठेवून त्या जिन्याच्या तोंडाशी येतात,
एकदाच ओरडतात, "कोण कोण हाय रात्रीला?"
उत्तरं सगळी एकदम येतात
आणि त्या आवाजावरून वेगळी करतात.

म्हटलं, मीही एकदाच विचारीन.
दोन्ही टेबलं जोडली, एकच क्वेरी.
फोन पळायला लागला.
पण फरहान मुकादम अठ्ठावन्न वेळा आला,
दर डब्यामागे एक फरहान,
तोच पासपोर्ट फोटो, तीच तिरकी कॉलर.
हमीदाबींनी चष्मा वर केला:
"एवढे फरहान? गो, भात पुरायचा नाय."

मग नंबर बघून गोळा केले सगळे,
एका फरहानखाली अठ्ठावन्न डबे नीट लावले.
रात्रीचे दोन वाजले होते. खाली इस्त्रीची वाफ अजून चालू.

सकाळी त्यांनी यादी बोटानं मोजली.
अ‍ॅपवर विश्वास नाही, बोटांवर आहे.
"चाळीसच?"

सत्तावीस नंबर नव्हता.
उल्हास मेस्त्री, वेल्डर, मालवणचा.
पायावर लोखंडी प्लेट पडली, तेव्हापासून सलमानियात.
जुलैभर एकही डबा नाही.
आणि माझी जोडणी फक्त जुळलेल्यांना धरत होती.
ज्याच्या नावापुढे काही नाही
ते नावच तिनं गाळलं,
न विचारता, चूक न दाखवता.

"खाल्ला नाय म्हणून तो नाय झाला काय?"
एवढंच म्हणाल्या, आणि कांदा चिरायला लागल्या.

जोडणी बदलली. डावीकडचे सगळे आधी,
उजवीकडे असेल ते, नसेल तर नसो.
उल्हास मेस्त्री आला.
त्याच्याखाली रिकामी यादी.
मला तिथे काहीतरी लिहायचं होतं,
"एकही डबा नाही" वगैरे, राखाडी अक्षरात.
त्या म्हणाल्या, असू दे मोकळं.

फळीवर सत्तावीस नंबरचा स्टीलचा डबा होता,
घासलेला, झाकण उपडं.
महिनाभर रोज घासला असणार,
त्यावर धूळ नव्हती.

दुपारी त्यांनी त्यात पेज भरली, वर लोणच्याची फोड,
फरहानच्या हातात दिला.
"बस नको, टॅक्सीनं जा. सांडशील."
मग माझ्याकडे वळून,
"ह्याचे पैसे धरू नको हां."

मी फोन उघडला. नवी ओळ.
तारीख. दुपार. नंबर सत्तावीस.
फिल्सच्या चौकटीत बोट अडलं.
रिकामं सोडू, की शून्य घालू?
दोन्ही एकच नाही, हे माझ्या धंद्यात पक्कं असतं.

खाली टॅक्सीचं दार लागल्याचं ऐकू आलं.
शून्य घातलं.